मोफत, विनामूल्य, निःशुल्क

पैसे न मोजता मिळणाऱ्या वस्तूसाठी मराठीत निदान चार शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘फुकट’ या शब्दात घेणाऱ्याविषयीची तुच्छता असते. ‘मोफत’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द सरकारी जाहिरातीत शोभून दिसतो, कारण त्यात देणाऱ्याचे औदार्य डोकावते. ‘विनामूल्य’ म्हटले की वस्तूला मूल्यच नसावे असा भास होतो. ‘निःशुल्क’ हा शब्द त्या मानाने रुक्ष. खिडकीपाशी शुल्क घेतले जाणार नाही, एवढेच तो सांगतो. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंतच्या संस्थांमध्ये तपासणी आणि उपचारांचे शुल्क बंद केले, तेव्हा वर्तमानपत्रांनी आणि नेत्यांनी एकमुखाने ‘मोफत’ हाच शब्द निवडला. प्रस्तुत लेखकाच्या मते तेथे ‘निःशुल्क’ हवा होता. ही भाषाशुद्धीची हौस नव्हे. पहिल्या शब्दाने चर्चा दात्यापाशी संपते. दुसऱ्याने पुढचा प्रश्न शिल्लक राहतो, की खिडकीपाशी घेतले नाहीत ते पैसे मग कोठून, कोणाकडून आणि केव्हा घेतले?

सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा खर्च कसा भागवावा, हा विषय साहित्याच्या अभ्यासकांनी अर्थशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे व्हावे असा नाही. तो जितका अंकांचा आहे तितकाच शब्दांचा आहे. ‘लाभार्थी’, ‘योजना’, ‘कवच’, ‘अनुदान’, ‘प्रतिपूर्ती’ अशा शब्दांची एक फळीच आपल्यासमोर उभी असते आणि त्यांतल्या प्रत्येक शब्दाने पैसे देणाऱ्याचा चेहरा थोडाथोडा झाकलेला असतो.

हे लिहिताना डोळ्यांपुढे एक विशिष्ट भूगोल आहे. पूर्णा नदी परभणी जिल्ह्यातून हिंगोलीकडे येते तेथे तिच्यावर दोन धरणे आहेत. वरच्या अंगाला जिंतूर तालुक्यातले येलदरी आणि खालच्या अंगाला औंढा नागनाथ तालुक्यातले सिद्धेश्वर. दोन्ही १९६८ च्या सुमारास पूर्ण झाली. येलदरीचे काम साठवण्याचे आणि वीज काढण्याचे. सोडलेले पाणी सिद्धेश्वरला अडवून कालव्यात वळवले जाते आणि ते वसमतच्या पट्ट्यातून पुढे परभणी-नांदेडकडे जाते. या धरणांचा खर्च तहान लागलेल्या शेतकऱ्याकडून तहानेच्या क्षणी वसूल केला नव्हता. तो सर्वांच्या करातून आधी झाला. पाणीपट्टी नंतर आणि नाममात्र. दवाखान्याच्या बाबतीत मात्र नेमकी उलटी रीत आपल्याला स्वाभाविक वाटते, याचे नवल करावे तेवढे थोडे.

सिद्धेश्वरच्या परिसरातल्या माणसाला बरे नसले तर त्याचा प्रवास ठरलेला असतो. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, औंढ्याचे किंवा वसमतचे रुग्णालय, मग हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय, आणि तेथून हात वर झाले की नांदेड. सरकारी निकषांप्रमाणे मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे लागते. कागदावर ही मांडणी कालव्यासारखीच आहे : मुख्य कालवा, वितरिका, पाटचारी. पाणी शेवटच्या चारीत पोचते का, हे मात्र शेपटाकडच्या शेतकऱ्यालाच ठाऊक.

ज्याला ही व्यवस्था वाटेत सोडते, त्याचा उपचार निःशुल्क राहत नाही. खाजगी दवाखान्याची फी, तपासण्या, औषधे, भाड्याची जीप, बरोबर आलेल्यांचे जेवण. हे पैसे कोठून येतात याची शब्दावली ग्रामीण मराठीत भरपूर आहे आणि ती कोणत्याही अर्थसंकल्पात सापडत नाही : हातउसने, व्याजी, गहाण, सरकी किंवा हळद निघेपर्यंतचा वायदा, आणि सर्वांत दाहक शब्द ‘उचल’. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून हंगामाआधी जी रक्कम घेते ती उचल. ती पुढच्या श्रमातून फेडायची. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला. तीन वर्षांत खाजगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारनेच सांगितले, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या चर्चेत नैतिकतेविषयी पुष्कळ बोलले गेले, आणि ते योग्यच होते. पण अशा शस्त्रक्रियेचा खर्च अनेकदा उचलीतून झाला, म्हणजे स्त्रीने आपल्या पुढच्या हंगामाची मजुरी आगाऊ विकून तो भागवला, या गोष्टीकडे आरोग्याच्या अर्थव्यवस्थेचा एक नमुना म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. तीही एक ‘निधी उभारणी’च आहे. फक्त ती सर्वांत अशक्त माणसाकडून, सर्वांत वाईट वेळी आणि सर्वांत चढ्या व्याजाने केलेली असते.

सरकारी राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांच्या खिशातून थेट होत होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, तिचे स्वागत करावे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजारपणाच्या दारात मोजावे लागतात, ही व्यवस्था सुसंस्कृत म्हणता येणार नाही. त्याच वर्षी सरकारांचा आरोग्यावरचा एकत्रित खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते आणि राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे सांगितले होते. महाराष्ट्रासारखे सधन राज्य त्या आठ टक्क्यांच्या बरेच अलीकडे रेंगाळत राहिले आहे.

आता नांदेडकडे वळू. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. अठ्ठेचाळीस तासांतला आकडा ३१ वर गेला. हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि शेजारच्या तेलंगणातले गावकरी ज्या दारात शेवटी येऊन पोचतात ते हे दार. पुढच्याच दिवशी हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील तेथे गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करवून घेतले. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि पुढे गुन्हाही नोंदला गेला. उच्च न्यायालयाने मृत्यूंची स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदे आणि खर्चाची तरतूद यांविषयी शासनाला प्रश्न विचारले. यातले दुसरे दृश्य मुकाट आणि कागदी होते, म्हणून ते कोणाच्या स्मरणात नाही. अर्थसंकल्पाला अधिकार देणारे सभागृह आणि शौचालयात उभा केलेला डॉक्टर, यांच्यामधले अंतर एका झाडूने ओलांडता येते, असे त्या चित्रफितीने सुचवले. ते सोयीचे होते.

औषधे कमी नव्हती, रुग्णच शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते, असा खुलासा तेव्हा रुग्णालयाच्या बाजूने झाला. तो वादग्रस्त ठरला. क्षणभर तो जसाच्या तसा मान्य करू. मग प्रश्न अधिकच टोकदार होतो : रुग्ण शेवटच्या अवस्थेत का आले? आधीच्या चार पायऱ्यांवर, जेथे कमी दिवसांच्या बाळाला ऊब मिळाली असती, गरोदर स्त्रीचा रक्तदाब वेळीच मोजला गेला असता, तेथे काय नव्हते? ज्याला आपण नांदेडची घटना म्हणतो ती बहुतांशी नांदेडच्या अलीकडे घडलेली असते. आणि गेल्या दशकभरात आपण पैसा ओतण्याची जी रीत पसंत केली आहे, ती नेमकी या अलीकडच्या पायऱ्या वगळून पुढे जाणारी आहे.

ती रीत म्हणजे विमा. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्यांत नांदेड होते, हिंगोली नव्हते. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर लागू झाली. दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपयांचा हप्ता शासनाने विमा कंपनीला द्यायचा आणि दीड लाखापर्यंतचा ठराविक शस्त्रक्रियांचा व उपचारांचा खर्च नोंदणीकृत रुग्णालयाला मिळायचा. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शुभ्र शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांनाही तिच्यात सामावून घेतले गेले; त्या यादीत हिंगोली आहे. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले. १ जुलै २०२४ पासून मर्यादा पाच लाख झाली आणि उत्पन्नाची अट गळून राज्यातली सर्व कुटुंबे तिच्यात आली.

या योजनेने माणसे वाचली आहेत. हृदयाच्या झडपा, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार हे खेड्यातल्या माणसाला पूर्वी स्वप्नातही परवडणारे नव्हते, आणि हे नाकारणारा टीकाकार अप्रामाणिक ठरेल. पण विम्याचा पैसा घटनेमागे धावतो. झटका आला की तो जागा होतो. झटका येऊ नये म्हणून वीस वर्षे रोज घ्यावयाच्या रक्तदाबाच्या गोळीशी त्याला कर्तव्य नसते. शिवाय तो रुग्णाबरोबर प्रवास करतो आणि जेथे मोठी रुग्णालये आहेत तेथे, म्हणजे नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला जाऊन जमा होतो. सिद्धेश्वरच्या माणसाच्या नावाने निघालेला पैसा सिद्धेश्वरच्या आसपास एक परिचारिकाही उभी करीत नाही. धरणाचे पाणी कालव्याने न देता टँकरने द्यावे, आणि तेही ज्याचे पीक वाळून गेले आहे त्यालाच द्यावे, तसा हा प्रकार आहे.

फुल्यांचे नाव येथे केवळ योगायोगाने आलेले नाही असे मानून थोडे पुढे जाऊ. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात आणि त्यानंतरच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतिरावांचा एक आक्षेप सातत्याने येतो : सरकारी महसूल कष्टकरी रयत भरते आणि त्याचा विनियोग वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो. शंभराहून अधिक वर्षे आपण हे विधान शिक्षणाच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘स्पष्ट करा’ म्हणून विचारत आलो. ते सार्वजनिक वित्ताविषयीचे विधान आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. पैसा कोणाकडून येतो आणि कोणाकडे जातो, या फुल्यांच्या प्रश्नाला त्यांच्याच नावाच्या योजनेत उत्तर शोधले तर ते फारसे आश्वासक मिळत नाही.

आणि हा प्रश्न दुसऱ्याच कोणाला लागू आहे अशा समजुतीत आपण राहू नये. या लेखाचे बहुसंख्य वाचक शिक्षक-प्राध्यापक आहेत किंवा व्हायचे आहेत. अनुदानित संस्थेतल्या शिक्षकाला मोठ्या आजारपणात वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. फाइल कितीही टेबलांवरून फिरो, पैसा शेवटी राज्याच्या तिजोरीतून येतो. स्वतः काढलेल्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जुन्या आयकर पद्धतीत कलम ८०डी खाली सूट मिळे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटीही शून्यावर आला. सोडून दिलेला कर हासुद्धा खर्चच असतो. याला कोणी ‘मोफत’ म्हणत नाही, या वर्गाला कोणी ‘लाभार्थी’ म्हणत नाही. दुसरीकडे कर न भरणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते ती शेतमजूर बाई साबण, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज यांवर रोज कर भरत असते. करदाता या शब्दाचा अर्थ आपण आयकरदाता असा आकुंचित केला आहे, तो मुद्दाम रुंदावला पाहिजे.

मग खर्च भागवावा कसा? जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून आजारविमा उभारला. आपला १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्याच कुळातला. पगार ज्याच्या हाती दरमहा येतो त्याच्याकडूनच अशी वर्गणी कापता येते. हिंगोलीत पगारपत्रक असलेली माणसे किती आणि हळदीच्या काढणीवर, ऊसतोडीवर, रोजंदारीवर जगणारी किती? उपचाराच्या वेळी थोडेसे शुल्क घ्यावे, म्हणजे उगाच गर्दी होत नाही, हा दुसरा लाडका उपाय. पाच-दहा रुपयांच्या केसपेपरने तिजोरी भरत नाही. तो फक्त सर्वांत गरीब म्हातारीला घरी बसवतो. (ब्रिटनमध्ये कवळी आणि चष्म्यांवर शुल्क बसवण्याचा निर्णय झाला तेव्हा राष्ट्रीय आरोग्यसेवेचा शिल्पकार अन्युरिन बेव्हन याने १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. कवळीसाठी राजीनामा! आपल्याकडे ही घटना विनोदी वाटेल.) येथे एक गोष्ट कबूल करायला हवी. रुग्ण कल्याण समित्यांकडे जमणाऱ्या किरकोळ रकमेतून नळ दुरुस्त होत, दिवे लागत. शुल्क बंद केल्यावर तेवढा स्थानिक, हाताशी असलेला पैसा दुसऱ्या वाटेने देणे शासनाचे कर्तव्य होते. त्याविषयी फारशी चर्चा झाली नाही.

तिसरा मार्ग दानाचा. औंढ्याला ज्योतिर्लिंग आहे, तेव्हा दानपेटीचे सामर्थ्य या तालुक्याला सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखायच्या असतात. पण अशी रुग्णालये पुण्या-मुंबईत एकवटलेली आहेत आणि तेथे खाट मिळवताना रुग्णाला आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागते. दान श्रद्धेच्या ठिकाणी जमते, आजाराच्या ठिकाणी नव्हे.

उरतो कर. आजारी पडण्याच्या आधी, सर्वांकडून, ऐपतीनुसार घेतलेला आणि गरजेनुसार वाटलेला. यात नवे काही नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व पायाशी ठेवले होते. थायलंडने २००१ नंतर विमा कंपन्यांना वगळून करातून पैसा उभा केला आणि दरडोई हिशेबाने तो जिल्हा पातळीवरच्या सरकारी दवाखान्यांच्या हाती दिला. तेव्हा तो देश श्रीमंत नव्हता.

पण एवढ्या दूर जाण्याचे कारणच काय? अनुभव महाराष्ट्राच्याच गाठी आहे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. त्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडे द्यावे आणि खेड्यातल्या मजुराला मागेल तेव्हा काम मिळावे. दोन अनोळखी माणसांना जोडणारी याहून सुंदर कल्पना गेल्या अर्धशतकात मराठी समाजाला सुचलेली नाही, असे मला वाटते. तो कर आजही आपल्या पगारपत्रकात आहे : दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. राज्यघटनेने ठरवलेली वार्षिक २,५०० रुपयांची मर्यादा १९८८ पासून हललेली नाही. या काळात पगारांचे काय झाले ते सांगण्याची गरज नाही. ती मर्यादा वाढवावी, आणि वाढीव वाटा खालच्या पातळीवरच्या आरोग्यसेवेला जोडावा, अशी मागणी ज्यांच्या पगारातून तो कापला जातो त्यांच्या संघटनांनी करावी. वेतन आयोगासाठी मोर्चे काढणाऱ्यांनी हाही एक मोर्चा काढून पाहावा.

येथे एक गंभीर आक्षेप आहे. कराला नाव दिले म्हणजे पैसा त्या कामावर खर्च होतोच असे नाही. रोजगार हमीच्या निधीतही रक्कम शिल्लक राहिली आणि कामे मात्र निघाली नाहीत, अशी वर्षे आली. केंद्राच्या आयकरावर २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षणाचा चार टक्के अधिभार आहे. अधिभारात राज्यांना वाटा नसतो, आणि रुग्णालये तर मुख्यतः राज्येच चालवतात. म्हणून नुसते ‘जास्त पैसे द्या’ म्हणून भागत नाही. अनुदान डिसेंबरनंतर यायचे, मार्चअखेर खर्च दाखवायचा आणि उरलेले समर्पित करायचे, हा खेळ शाळा-महाविद्यालयांतल्या वाचकांना परिचित आहे. आरोग्य केंद्रात तोच चालतो आणि तेथे त्याचे परिणाम वेगळे होतात. औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे एकवटली गेली, खोळंब्याच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमावे लागले. त्या सहा वर्षांत कागदावर तरतूद होती.

कालव्याच्या व्यवस्थापनात एक जुनी मागणी आहे की पाणी आधी शेपटाला द्यावे, मग वर येत मुखाकडे. मुखाकडचा शेतकरी आपली सोय कशीही करून घेतो. आरोग्याच्या पैशाला हाच क्रम लावून पाहावा. आधी उपकेंद्राची आणि प्राथमिक केंद्राची औषधे, परिचारिका, डॉक्टर, रुग्णवाहिकेचे डिझेल यांचा वर्षाचा खर्च एप्रिलातच बाजूला काढावा. मग ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालये. आणि विम्याच्या हप्त्याला सर्वांत शेवटी उरेल ते. आजचा क्रम बरोबर उलटा आहे, कारण पाच लाखांचे कार्ड फलकावर छापता येते आणि वेळेवर आलेली लोहाची गोळी छापता येत नाही.

हिंगोलीला आता शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांबरोबर त्याचे उद्घाटन झाले. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याने त्यासाठी पंचवीस वर्षे वाट पाहिली. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची आंतरवासिता धरली तर पहिली तुकडी २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. आंतरवासितेत ही मुले आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जातील. तेथे औषधाच्या कपाटात त्यांना काय सापडेल, ते मधल्या चार-पाच अर्थसंकल्पांत ठरणार आहे, आणि त्यांतला पुढचा अर्थसंकल्प येत्या मार्चमध्ये विधिमंडळात मांडला जाईल.